पिंजऱ्यातली मारामारी: पडद्यावरची आणि खरी

‘पिंजरा’ म्हटले की मराठी माणसाला शांतारामबापूंचा 1972 सालचा चित्रपट आठवतो. पण घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला विचारा, तो वेगळ्याच पिंजऱ्याबद्दल भरभरून बोलेल. चहूबाजूंनी लोखंडी जाळी, आत दोन उघडेबंब तरुण, बाहेर आरडाओरडा करणारी गर्दी आणि नोटांच्या पैजा! अशा चोरट्या झुंजींवरचे चित्रपट वर्षानुवर्षे निघत आहेत आणि मुले ते आवडीने पाहत आहेत.

या चित्रपटांचे गणित सोपे असते. 1988 साली आलेल्या ‘ब्लडस्पोर्ट’ने ते घालून दिले. हाँगकाँगमधली गुप्त स्पर्धा आणि तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला ज्याँ-क्लोद व्हॅन डॅम एवढ्या भांडवलावर, हॉलिवूडच्या मानाने किरकोळ खर्चात हा चित्रपट निघाला आणि भरपूर चालला. महागडे सेट नकोत, परदेशातली गाणी नकोत. एक गोदाम, एक जाळी आणि मार खाऊ शकणारी माणसे असली की काम भागते. हिंदीत 2015 साली आलेला ‘ब्रदर्स’ मोठ्या ताऱ्यांचा होता, पण त्याच्याही केंद्रस्थानी पिंजराच होता.

ठोसा लागतो कुठे?

पडद्यावरचा ठोसा बहुतेक वेळा लागतच नाही. कॅमेरा अशा कोनात ठेवतात, की गालापासून वीतभर दूरून गेलेली मूठही गालावर बसल्यासारखी वाटते. मार खाणारा नेमक्या क्षणी मान झटकतो आणि आवाज नंतर ध्वनिमुद्रणात भरतात. पडण्यासाठी जाड गाद्या असतात, फुटणाऱ्या काचा खास बनवलेल्या असतात. हे सारे नीट व्हायचे तर तालीम हवी आणि तालमीला वेळ हवा. वेळ म्हणजे पैसा! स्वस्तात चित्रपट काढताना पहिली कात्री इथेच लागण्याचा धोका असतो.

बंगळूरचा धडा

कन्नड चित्रपटसृष्टीचे माहेरघर असलेल्या बंगळूरला हा धडा फार महागात शिकावा लागला. 2007 साली कमी खर्चात निघालेल्या ‘दुनिया’ने छोट्या भूमिका करणाऱ्या विजयला एका रात्रीत नायक केले. पुढे त्याच्याच ‘मास्ती गुडी’च्या चित्रीकरणात, 7 नोव्हेंबर 2016 रोजी, शहराच्या पश्चिमेकडील थिप्पगोंडनहळ्ळी जलाशयावर हेलिकॉप्टर घिरट्या घालत होते. विजय आणि खलनायकाच्या भूमिकेतले अनिल व उदय यांनी त्यातून पाण्यात उड्या घेतल्या. विजय वाचला. अनिल आणि उदय यांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती, त्यांना पोहणेही जेमतेमच येत होते. मदतीची बोट वेळेवर पोहोचली नाही, असे तेव्हाच्या बातम्यांत आले. दोघेही बुडाले. निर्मिती करणाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला आणि चित्रपट 2017 च्या मे महिन्यात प्रदर्शितही झाला.

एवढ्यावर थांबले असते तरी बरे. ऑगस्ट 2021 मध्ये बंगळूरजवळच्या बिडदी भागात ‘लव्ह यू रच्चू’ या चित्रपटाच्या मारामारीचे चित्रीकरण सुरू असताना उच्च दाबाच्या वीजवाहिनीचा धक्का बसून एक तरुण फायटर दगावला. अशा मुलांची नावे पोस्टरवर नसतात, पण घरी त्यांचीही कुणी वाट पाहत असते.

नियम म्हणजे भित्रेपणा नव्हे

खऱ्या पिंजऱ्याचे काय? अमेरिकेत 1993 साली ‘यूएफसी’ची पहिली स्पर्धा झाली, तेव्हा वजनी गट नव्हते. चावणे आणि डोळ्यांत बोटे खुपसणे यांवर बंदी होती, बाकी बरेच काही चालत असे. टीका इतकी झाली, की वजनी गट, हातमोजे, ठरावीक वेळेच्या फेऱ्या असे नियम हळूहळू आले. आज तो नियमबद्ध खेळ आहे. 2017 साली भारत खंडारे हा आपला मल्लही त्यात उतरला.

आपल्याकडे तर हे शहाणपण जुनेच आहे. म्हैसूरच्या दसऱ्यात राजवाड्यासमोर जेट्टी मल्लांची वज्रमुष्टी झुंज होते. मुंडन केलेले मल्ल मुठीत अणकुचीदार आयुध धरून भिडतात. दिसायला भयंकर, पण डोक्यावर रक्ताचा पहिला थेंब दिसला की झुंज संपते! थांबायचे कधी, हे आधीच ठरलेले असते.

नियम कागदावर असून भागत नाही, हेही बंगळूरनेच दाखवले. जुलै 2022 मध्ये तिथल्या एका किकबॉक्सिंग स्पर्धेत म्हैसूरचा 23 वर्षांचा तरुण डोक्याला मार लागून कोसळला आणि दोन दिवसांनी रुग्णालयात गेला. स्पर्धेच्या जागी वैद्यकीय मदतीची पुरेशी सोय नव्हती, असा आरोप त्याच्या घरच्यांनी केला.

पालकांनी काय करावे?

मुलाला ‘फायटिंग’ शिकायचे असेल तर रागावून गप्प बसवू नका. बंदी घातलीत तर तो चोरून जाईल. त्यापेक्षा त्याच्याबरोबर एकदा क्लास पाहून या. जमिनीवर जाड मॅट आहे का? जोडी लावताना वजन आणि वय पाहतात का? दातांचे आणि डोक्याचे संरक्षक साहित्य वापरतात का? स्पर्धेच्या ठिकाणी डॉक्टर आणि रुग्णवाहिका असते का? डोक्याला मार लागून चक्कर आली, उलटी झाली किंवा मुलगा असंबद्ध बोलू लागला तर सराव बंद करून ताबडतोब डॉक्टरांकडे नेतात का? या प्रश्नांनी ज्या गुरूला राग येईल, त्याच्याकडे मुलाला पाठवू नका.

आणि पडद्यावर नायक दहाजणांना लोळवत असेल, तेव्हा मुलाला एवढे जरूर सांगा, की त्या दहाजणांपैकी प्रत्येकाने पडण्याची तालीम केलेली असते. जिथे ती झाली नाही, तिथे पडलेला माणूस ‘कट’ म्हटल्यावर उठत नाही.