होज फुटायची वाट कशाला बघायची?

मे महिन्यातल्या शनिवारी बोरघाटात ट्रक बंद पडला, मागे वाहनांच्या रांगा लागल्या, ही बातमी आपण दर उन्हाळ्यात वाचतो. क्रेन, पोलीस, पर्यटकांचे हाल, सगळे त्यात असते. कारण मात्र एका शब्दात उरकलेले असते: बिघाड. टायर फुटतो, क्लच जळतो, हे खरेच आहे. पण कडेला केबिन पुढे झुकवून वाफ सोडत उभ्या असलेल्या जुन्या ट्रकचा बिघाड सहसा त्या दिवशीचा नसतो. तो कित्येक महिने आधी रबरात, सीलमध्ये आणि झाकणाच्या स्प्रिंगमध्ये सुरू झालेला असतो. म्हणूनच तो टाळता येतो.

खोपोलीहून खंडाळ्याला पोचताना गाडी सुमारे पाचशे मीटर वर चढते. भरलेला ट्रक खालच्या गिअरमध्ये, माणूस सायकलवर जाईल त्या वेगाने हा चढ चढतो. इंजिन पूर्ण जोर लावत असते आणि समोरून रेडिएटरवर येणारा वारा जवळपास नसतोच. दुपारी समुद्राकडून वारा सुटला तर तोही पाठीमागून येतो. सगळी भिस्त पंख्यावर. नवी गाडी हे सोसते. बारा-पंधरा वर्षांच्या गाडीच्या रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे अडकलेले असतात, बेल्ट घसरत असतो, नळ्यांत क्षार साचलेला असतो. सपाट रस्त्यावर यातले काहीच जाणवत नाही, काटा मध्यावर असतो. घाटात मात्र हे सगळे एकदम बाहेर येते.

सर्वांत फसवा भाग म्हणजे होज पाइप. बाहेरून काळाभोर, धडधाकट दिसतो, म्हणून मालक त्याला हात लावत नाही. पण तो सडतो आतून. इंजिनचा धातू, कूलंट आणि रबर मिळून एक प्रकारची बॅटरी तयार होते आणि त्या विद्युतरासायनिक क्रियेने आतल्या थरात बारीक चिरा पडतात. टोकाला, क्लिपेजवळच्या दोन-तीन इंचांत त्या जास्त असतात. त्यांतून कूलंट आतल्या धाग्यांपर्यंत जाते, धागे कमजोर होतात, आणि चढावर दाब वाढला की होज फुटतो. नुसते डोळ्यांनी पाहून हे कळत नाही. इंजिन गार असताना टोकाजवळ आणि मध्ये अशा दोन ठिकाणी बोटांनी दाबून फरक बघावा लागतो.

वॉटर पंप त्या मानाने प्रामाणिक. सील जाऊ लागले की त्याच्या बुडाच्या बारीक भोकातून थेंब गळू लागतात. ते भोक मुद्दाम ठेवलेले असते. दुर्दैवाने काही ठिकाणी ते बुजवून टाकतात किंवा रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती थांबवतात. हळद गळती बुजवते, तशीच रेडिएटरच्या नळ्याही बुजवते. रस्त्यात अडकलेल्या माणसाने गाव गाठण्यापुरता तो उपाय केला तर समजू शकते, पण त्याच पाण्यावर पुढचा हंगाम काढणे म्हणजे इंजिनावर अन्याय आहे.

थर्मोस्टॅट काढून फेकण्याची सवयही तशीच. ‘वॉल काढला की गाडी गार राहते’ हा समज गॅरेजमध्ये पक्का बसला आहे. पण पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासची वाट बंद करतो. तोच नसेल तर बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरते आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. रेडिएटरच्या झाकणाचेही तेच. साधारण एक बारचा दाब धरणारे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू शंभरावरून एकशेवीसच्या आसपास नेते. स्प्रिंग ढिली पडली की ही वीस अंशांची राखीव जागा जाते. सगळ्यात स्वस्त भाग, आणि सगळ्यात शेवटी आठवणारा.

वेळेआधी भाग बदलण्यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. 1978 साली युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅन्ली नॉलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी देखभालीवर एक अहवाल लिहिला. विमानांच्या फक्त 11 टक्के भागांत वयाबरोबर बिघाड वाढत असल्याचे त्यांना दिसले. बाकीच्या 89 टक्क्यांना ठरावीक वयाला बदलण्याने फायदा नव्हता. कित्येक भाग तर बसवल्यावर सुरुवातीलाच बिघडत. म्हणजे चांगला चाललेला भाग काढून नवा बसवताना आपण धोका विकत घेऊ शकतो. नकली सुट्या भागांच्या आपल्या बाजारात तर हे जास्तच खरे. ‘चालतंय तोवर हात लावू नका’ म्हणणारा जुना मिस्त्री त्यामुळे अडाणी ठरत नाही.

पण त्याच अहवालात असेही आहे की साध्या, एकाच ठरावीक रीतीने झिजणाऱ्या वस्तूंना वयाची मर्यादा लागू पडते. टायर हे त्याचे सरळ उदाहरण. होज, बेल्ट, पंपाचे सील, झाकण ही सगळी त्याच जातीची. ईसीयू (इंजिनाचा संगणक) किंवा सेन्सर वयावर बदलू नका, रबर बदला. माझे मत इतकेच आणि ते ठाम आहे.

कारण इथे बिघाडाची किंमत त्या भागापुरती राहत नाही. होज फुटतो, पाणी जाते, सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. चालकाला वाटते गाडी गार झाली. तेवढ्यात हेड वाकते, गॅस्केट जाते, पिस्टन धरतो. काही हजारांचे काम लाखावर जाते, शिवाय गाडी आठवडाभर उभी. आपल्याकडचे बहुसंख्य मालक एक ते पाच गाड्यांचे आहेत. एका उभ्या गाडीने त्यांचा हप्ता चुकतो.

पाणी कसले घालता यालाही तितकेच महत्त्व आहे. दख्खनच्या बोअरचे जड पाणी आत क्षाराचा थर धरते आणि उष्णता बाहेर येऊ देत नाही. ओल्या लायनरच्या डिझेल इंजिनात तर लायनरच्या थरथरीने बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लोखंडाला टोचे पाडतात. त्याला आवर घालणारी रसायने चांगल्या कूलंटमध्ये असतात, नळाच्या पाण्यात नसतात.

उसाचा हंगाम मार्चच्या सुमारास संपतो आणि आंब्याचे भाडे सुरू होते, त्या मधल्या आठवड्यात हे काम बसते. कूलंट एकदा काढायचेच असेल तर दोन्ही होज, क्लिपा, थर्मोस्टॅट, झाकण, बेल्ट आणि थेंब गाळणारा पंप एकाच वेळी बदला. मजुरी एकदाच पडते. काढलेला चांगला बेल्ट केबिनमध्ये जपून ठेवा आणि बदलल्याची तारीख वहीत लिहा. आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी फिटनेस काढावा लागतो, पण तिथे भर ब्रेक, दिवे आणि धुरावर असतो. होज आतून कसा आहे, हे तुमच्याशिवाय कोणी बघणार नाही.

गाडी दारात उभी असेल आणि इंजिन गार असेल, तर वरचा होज क्लिपेजवळ दाबून बघा. मऊ लागला तर घाट चढण्याआधी बदला.