जन्मजात बहिरेपणा : नातेसंबंध, कुळी आणि जनुकीय तपासणी

वार्षिक अहवालात ताळेबंदासोबत आरोग्यविषयक माहितीपर लेखही असावा, या हेतूने पुढील मजकूर सभासद, देणगीदार व हितचिंतकांसमोर ठेवीत आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असून वैद्यक व्यवसायातील नाही. तथापि रुग्णालयाचे प्रशासन सांभाळताना जे प्रश्न वारंवार कानी पडतात, त्यांपैकी एकाचे उत्तर सोप्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे. तो प्रश्न असा : "आमच्या घराण्यात कोणीही बहिरे नाही, मग आमच्याच बाळाला ऐकू का येत नाही?"

या प्रश्नाआड बहुधा दुसरा, न उच्चारलेला प्रश्न दडलेला असतो : दोष कोणाचा? त्याचे उत्तर घरात आधीच ठरलेले असते. सुनेने गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, तिचा पायगुण बरा नाही, तिच्या माहेरी काहीतरी असले पाहिजे, असे बोल त्या मातेला ऐकावे लागतात. क्वचित प्रसंगी तिला माहेरी धाडण्यापर्यंत मजल जाते. विज्ञान या प्रश्नाचे जे उत्तर देते ते अगदी वेगळे आहे, आणि ते प्रत्येक घरात पोहोचणे अगत्याचे आहे.

कारणे कोणती?

ग्रहणाचा आणि बाळाच्या श्रवणशक्तीचा काहीही संबंध नाही. गरोदरपणी मातेला झालेला रुबेला अर्थात जर्मन गोवर, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, जन्मतः श्वास कोंडणे, नवजात अर्भकाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, तसेच कानास अपायकारक औषधे ही बहिरेपणाची ज्ञात कारणे आहेत. त्यांपैकी पुष्कळ टाळता येण्याजोगी आहेत. मात्र विकसित देशांतील अनुभव असा की, जन्मजात बहिरेपणाच्या निम्म्याहून अधिक प्रकरणांचे मूळ आनुवंशिक असते. शंभराहून अधिक जनुकांचा या व्याधीशी संबंध आढळला आहे.

आनुवंशिक म्हणताच घराण्यात आणखी कोणी बहिरे असलेच पाहिजे, असा आपला समज असतो. वस्तुतः बहुसंख्य कर्णबधिर बालके ऐकू येणाऱ्या आई-वडिलांच्या पोटीच जन्मास येतात. याचे कारण असे की, प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून आलेली. एक प्रत सदोष असली तरी दुसरीवर काम भागते. अशा व्यक्तीस वाहक म्हणतात. तिला उत्तम ऐकू येते आणि आपण वाहक आहोत हे तिला ठाऊकही नसते. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल कर्णबधिर झाले म्हणून दुसरे सुटते असे नाही, प्रत्येक वेळी हिशेब नव्याने मांडला जातो. अर्थात, अशा प्रसंगी माता जितकी 'जबाबदार', तितकाच पिताही. खरे पाहता दोघांपैकी कोणीच जबाबदार नाही, कारण ही नोंद त्यांच्या जन्माआधीच झालेली असते.

देवक निराळे, वारसा एकच

आपल्या भागात मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल जुनी आहे. समाजशास्त्रज्ञ डॉ. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेवरील आपल्या १९५३ सालच्या ग्रंथात महाराष्ट्रातील या प्रथेचे विवेचन केले आहे. कर्नाटक सीमेलगतच्या काही समाजांत मामा-भाचीचे विवाहही होत आले आहेत. सोयरीक जुळविताना आपण आडनाव, कुळी, देवक वा गोत्र पाहतो. ती निराळी असली की नाते लांबचे झाले, असे मानतो. परंतु ही सर्व गणना केवळ पित्याच्या बाजूने चालते. मामेबहिणीचे देवक निराळे असते हे खरे, पण वराचे जे आजोळ, तेच वधूचे माहेर. जनुके आडनाव पाहून येत नाहीत, ती दोन्ही बाजूंनी येतात. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुके समाईक असतात, तर मामा-भाचीत चौथा. आजोबांकडील एखादी सदोष प्रत नातू व नात अशा दोघांकडेही उतरलेली असण्याचा संभव त्यामुळे वाढतो.

याचा अर्थ नात्यातील प्रत्येक विवाहात असे घडते, असा मुळीच नव्हे. बहुतेक दांपत्यांची मुले निरोगीच असतात. उलटपक्षी, नात्याबाहेर विवाह केला म्हणजे धोका संपतो असेही नाही. आपल्याकडे शतकानुशतके जातीतच विवाह होत आल्याने दूरची वाटणारी स्थळेही पूर्वजांच्या दृष्टीने जवळची निघतात. हैदराबाद येथील सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण आशियातील २६३ समाजगटांपैकी ८१ गटांमध्ये मूठभर पूर्वजांपासून विस्तार झाल्याच्या ठळक खुणा आढळल्या.

एका फांदीची गोष्ट

ही बाब द्राक्षबागायतदारांस सहज उमगेल. शेजारच्या तासगाव तालुक्यात थॉमसन सीडलेस वेलीवर निसर्गतःच एक बदल घडला आणि त्यातून तास-ए-गणेश हे वाण पुढे आले. त्या मूळ वेलीच्या काड्यांपासून किती बागा उभ्या राहिल्या, हे आपण जाणतोच. त्या सर्व बागांत तो मूळचा बदल जसाच्या तसा उतरला आहे. मानवी वंशातही असेच घडते. कोण्या एका प्राचीन पूर्वजाच्या जनुकात झालेला बदल त्याच्या हजारो वंशजांत आढळतो.

बहिरेपणाच्या संदर्भात जीजेबी-२ हे जनुक सर्वाधिक परिचित आहे. ते कनेक्झिन-२६ नावाचे प्रथिन बनविण्याची आज्ञा देते. आंतरकर्णातील शंखाकृती भागात पेशींमध्ये पोटॅशियमची जी ने-आण चालते, तिचे मार्ग या प्रथिनाचे बनलेले असतात. हे मार्ग नसतील तर ध्वनीचे संवेदन नीट होत नाही. या जनुकातील दोष बहिरेपणास कारण ठरतो, हे १९९७ साली सिद्ध झाले.

येथे वंशाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. या एकाच जनुकातील नेमका दोष प्रदेशागणिक बदलतो. युरोपीय लोकांत '३५ डेल जी', चीन व जपानकडे '२३५ डेल सी', तर पूर्व युरोपातील मूळ असणाऱ्या ज्यू समाजात '१६७ डेल टी' हा बदल प्रामुख्याने आढळतो. भारतीय उपखंडात 'डब्ल्यू २४ एक्स' हा बदल प्रमुख आहे. त्यात २२६ घटकांच्या या प्रथिनाची रचना चोविसाव्या स्थानीच थांबते. विशेष म्हणजे, सुमारे हजार-दीड हजार वर्षांपूर्वी भारतातून बाहेर पडलेल्या रोमा लोकांच्या स्पेन व स्लोव्हाकियातील वंशजांतही हाच बदल आढळला आहे.

तपासणी करविताना

यावरून व्यवहारात उपयोगी असे काही मुद्दे निघतात. पहिला, केवळ युरोपीय लोकांतील बदल शोधणारी चाचणी आपल्या बालकास 'निर्दोष' ठरवू शकते. म्हणून जीजेबी-२ हे जनुक संपूर्ण वाचले जाणार आहे काय, हे विचारून घ्यावे. वंशमूळ सांगण्यासाठी विकल्या जाणाऱ्या खासगी चाचण्यांवर निदानासाठी विसंबू नये. दुसरा, भारतीय रुग्णांत या जनुकाचा वाटा युरोपच्या तुलनेने कमी आहे. त्यात दोष न आढळल्यास अनेक जनुकांची एकत्रित चाचणी करावी लागते, आणि तीही काही वेळा निरुत्तर राहते. तिसरा, अहवालाचा अर्थ जनुकीय समुपदेशकाकडून अथवा तज्ज्ञ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा. गर्भावस्थेतील चाचण्या १९९४ च्या कायद्यानुसार केवळ नोंदणीकृत केंद्रांतच करता येतात.

आणखी एक वारसा केवळ आईकडून येतो. पेशीतील मायटोकाँड्रिया या घटकात '१५५५' क्रमांकावर एक विशिष्ट बदल असलेल्या व्यक्तीस जेंटामायसीन, अमिकासीन वा स्ट्रेप्टोमायसीन या इंजेक्शनांच्या नेहमीच्या मात्रेनेही बहिरेपणा येऊ शकतो. आजी, आई, मावशी वा मामा यांपैकी कोणास इंजेक्शनानंतर ऐकू येईनासे झाले असल्यास डॉक्टरांस ते आवर्जून सांगावे. हे सांगण्यास एक पैसाही लागत नाही, आणि त्यातून एखाद्या बालकाचे कान वाचू शकतात.

निदानाचा लाभ

कारण कळल्याने काय साधते, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पुढील अपत्याविषयीची शक्यता समजते, हृदय वा दृष्टी यांच्याशी निगडित असलेले काही प्रकार वेळीच ओळखता येतात, आणि उपचाराची दिशा ठरते. जीजेबी-२ च्या दोषात श्रवणाची मज्जातंतू साधारणतः शाबूत असते, म्हणून कॉक्लिअर इम्प्लांटचा चांगला उपयोग होतो. ओटोफर्लिन जनुकातील दोष असलेल्या बालकांना जनुकोपचाराने ऐकू येऊ लागल्याचे चीनमधील संशोधकांनी २०२४ साली जाहीर केले आहे.

तथापि जनुकीय अहवालाची वाट पाहत उपचार लांबविणे योग्य नव्हे. बाळ एक महिन्याचे होण्यापूर्वी श्रवणचाचणी, तीन महिन्यांपर्यंत बेरा तपासणीसह पक्के निदान आणि सहा महिन्यांपर्यंत श्रवणयंत्र व वाचा-प्रशिक्षण, हा क्रम जगभर मान्य आहे. कवठे महांकाळ परिसरातील पालकांस मिरज येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा कान-नाक-घसा विभाग जवळचा आहे. मुंबईत १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या क्षेत्रात कार्यरत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम व केंद्राची एडिप योजना यांतून साहाय्य मिळू शकते, परंतु इम्प्लांटसाठी वयाची अट असल्याने विलंब करू नये.

सभासदांस नम्र विनंती की, आपल्या वाडी-वस्तीवर टाळीच्या आवाजाने न दचकणारे, हाकेला वळून न पाहणारे बाळ दिसल्यास "उशिरा बोलेल" असे म्हणून पालकांना स्वस्थ बसवू नये, तपासणीस पाठवावे. आणि त्या घरी मातेला कोणी बोल लावीत असेल, तर हा वारसा दोन्ही घराण्यांकडून, कोणाच्याही अपराधाविना आलेला असू शकतो, एवढे अवश्य सांगावे.