बस स्टँड राहिला बाजूला!

मुलांनो, तुमच्या गल्लीतली एखादी ताई शिक्षण संपवून पुण्या-मुंबईला गेली असेलच. का बरं गेली? "नोकरीसाठी!" असं तुम्ही पटकन सांगाल. खरंच आहे ते. पण तीच ताई सुट्टीत घरी आली, की चार दिवसांत म्हणते, "इथं संध्याकाळी जायचं तरी कुठं?" म्हणजे बघा, तरुण माणसं गावात टिकायची तर नुसतं काम पुरत नाही, रमायला जागाही लागते. एका शहरानं अशी जागा मुद्दाम घडवली. त्याचीच ही गोष्ट.

हे शहर म्हणजे आयर्लंडची राजधानी डब्लिन. १९८०च्या दशकात तिथं कामाची फार टंचाई होती. हजारो तरुण-तरुणी लंडन-न्यूयॉर्कची वाट धरत होते. शहराच्या मधोमध लिफी नदी वाहते. तिच्या दक्षिण काठावर टेम्पल बार नावाचा जुना भाग आहे. दगडी फरसबंदीच्या अरुंद गल्ल्या, जुनी गोदामं, पडकी घरं! एके काळी मात्र या भागाचा काय तोरा होता! हॅन्डेल या थोर संगीतकाराची 'मेसाया' ही रचना १७४२ साली पहिल्यांदा सादर झाली, ती इथल्याच एका रस्त्यावर.

आता गंमत ऐका. सरकारी वाहतूक कंपनीला तिथं मोठा बस स्टँड बांधायचा होता. त्यासाठी तिनं एकेक इमारत विकत घ्यायला सुरुवात केली. पाडापाडीला वेळ होता, म्हणून तोवर त्या जागा स्वस्त भाड्यानं दिल्या. मग काय! चित्रकार आले, नाटकवाले आले, गाण्याच्या तालमी सुरू झाल्या, जुन्या पुस्तकांची आणि कपड्यांची दुकानं थाटली गेली. १९८३ साली तर बंद पडलेल्या शर्टाच्या कारखान्यात चित्रकारांनी आपले स्टुडिओ मांडले. पडक्या गल्ल्या संध्याकाळी गजबजू लागल्या.

लोक म्हणू लागले, "अहो, स्टँड नको, हेच राहू द्या!" सरकारलाही ते पटलं. १९९१ साली डब्लिनला युरोपच्या सांस्कृतिक शहराचा मान मिळाला. त्याच वर्षी खास कायदा करून टेम्पल बारच्या विकासासाठी कंपनी नेमली गेली. युरोपकडून पैसाही मिळाला. तरुण वास्तुशिल्पींनी आराखडा काढला. जुन्या इमारती शक्य तितक्या राखायच्या आणि मध्ये नवे चौक काढायचे! १९९२ साली चित्रपट केंद्र उघडलं. १९९५ साली तर खास मुलांसाठी 'द आर्क' नावाचं कलाकेंद्र सुरू झालं. त्याच्या रंगमंचाची मागची भिंत चक्क दारासारखी उघडते आणि बाहेरच्या चौकात बसूनही कार्यक्रम बघता येतो. आहे ना झकास कल्पना?

पण थांबा, गोष्ट इथं संपत नाही. गर्दी वाढली तसे पब वाढले, हॉटेलं वाढली. विमानाचं तिकीट स्वस्त झालं, तशी परदेशातून नवरदेवाच्या मित्रांची टोळकी लग्नाआधीची मौज करायला येऊ लागली. रात्र रात्र आरडाओरडा! राहणाऱ्या लोकांनी झोपायचं कधी? भाडीही वाढली. ज्यांच्यामुळे या गल्ल्यांना रंग चढला, त्यातल्या कितीतरी छोट्या दुकानदारांना आणि कलाकारांना तिथली जागा परवडेनाशी झाली. तरुणांसाठी म्हणून फुलवलेली बाग, पण पुढं पुढं कितीतरी डब्लिनकर स्वतःच म्हणू लागले, "ते टेम्पल बार पाहुण्यांसाठी. आपण कशाला जायचं?"

मग सगळंच वाया गेलं का? नाही हं! शर्टाच्या कारखान्यातले स्टुडिओ आजही आहेत. चित्रपट केंद्र आहे, मुलांचं 'द आर्क'ही आहे. या संस्थांच्या जागा कलेसाठी मुद्दाम राखून ठेवल्या होत्या, म्हणून त्या टिकल्या. ज्यांना बाजारभावानं भाडं भरावं लागलं, ते मात्र मागे पडले.

आता आईबाबांनाही जवळ बोलवा आणि सगळे मिळून एक काम करा. तुमच्या गावातली एखादी ओस पडलेली जागा आठवा. जुना वाडा, बंद गिरणी, नाहीतर नदीचा घाट. तिथं आत्ता कोण असतं? चहाची टपरीवाले काका, गोट्या खेळणारी पोरं, दुपारी टेकणाऱ्या आज्या? कागदावर त्या जागेचा नकाशा काढा. वाचनालय, नाटकाचं अंगण, खाऊगल्ली, काय हवं ते घाला. मात्र एक अट आहे. आत्ता तिथं असलेल्या माणसांची जागा आधी आखायची आणि मग आपली. रात्री किती वाजता गाणं बंद करायचं, तेही कोपऱ्यात लिहायला विसरू नका. घरात एकमत होतंय का बघा! नाही झालं, तर वाद घाला. डब्लिनमध्येही असाच वाद झाला, म्हणून तर बस स्टँड बाजूला राहिला!