डिझेल मोटार कधी कधी चालू व्हायला त्रास देते : निदान कसे करावे

डिझेल मोटार सकाळी एका दमात चालू होते, दुपारी मात्र दहा सेकंद सेल्फ मारावा लागतो. गॅरेजमध्ये नेली की तिथे ती पहिल्याच झटक्यात उठते. दोष समोर दिसत नसल्याने अंदाजाने भाग बदलले जातात : आधी बॅटरी, मग ग्लो प्लग, मग डिझेल फिल्टर, शेवटी इंजेक्टर. चारही इंजेक्टर बदलण्याचा खर्च जुन्या मोटारीच्या मानाने फार मोठा असतो, आणि एवढे करूनही तक्रार कायम राहू शकते. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनातील अशा अधूनमधून येणाऱ्या दोषाचे निदान कसे करायचे, ते या पाठात पाहू.

‘कधी कधी’ याचा अर्थ ‘वाटेल तेव्हा’ असा घेऊ नका. इंजिन चालू होण्यासाठी काही किमान मर्यादा गाठाव्या लागतात. नव्या मोटारीत प्रत्येक मर्यादेच्या वर भरपूर शिल्लक असते. भाग झिजत गेले की ही शिल्लक कमी होते. मग थंडी, उष्णता, चढावर उभी केलेली गाडी असे एखादे निमित्त ती पूर्ण संपवते. म्हणून ‘काय बिघडले’ या प्रश्नाच्या आधी ‘कोणत्या परिस्थितीत बिघडते’ हे विचारायचे.

इंजिन चालू होण्यासाठी काय लागते

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल पेट घेते. दाबल्यानंतरचे निरपेक्ष तापमान काढण्यासाठी सुरुवातीच्या निरपेक्ष तापमानाला संपीडन गुणोत्तराच्या (घ − १) व्या घाताने गुणतात. उष्णता अजिबात बाहेर गेली नाही तर घ ची किंमत १.४ असते. प्रत्यक्षात सिलिंडरच्या थंड भिंती उष्णता शोषतात, त्यामुळे ती कमी होते.

संपीडन गुणोत्तर १६.५ आणि हवा ३० अंश सेल्सिअस धरा. घ = १.३ घेतल्यास हवा सुमारे ४३० अंशांपर्यंत तापते. आता बॅटरी किंवा स्टार्टर अशक्त आहे, इंजिन सावकाश फिरते, उष्णता निसटायला जास्त वेळ मिळतो आणि घ १.२ पर्यंत उतरतो असे समजा. तापमान जेमतेम २५८ अंश येते. हीच स्थिती ५ अंशांच्या सकाळी असेल तर २१४ अंश. डिझेलचे स्वयंप्रज्वलन तापमान साधारण २१० ते २५० अंश आहे. (प्रत्यक्ष प्रज्वलन दाबावर आणि मिळणाऱ्या वेळेवरही अवलंबून असते, पण कल येथे स्पष्ट दिसतो.) स्टार्टरचा वेग हा उष्णतेचाही प्रश्न आहे, हे या हिशेबातून ध्यानात घ्या.

दुसरी गरज रेलमधील दाबाची. बहुतेक इंजिनांत सेल्फ मारताना रेलमध्ये सुमारे १५० ते २०० बार दाब तयार होईपर्यंत ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. तिसरी गरज संकेताची : क्रँकशाफ्ट सेन्सरकडून फेऱ्यांची नोंद आली नाही, तर डिझेल कधी सोडायचे हे ईसीयूला कळत नाही.

परिस्थिती काय सांगते

फक्त थंडीत त्रास होत असेल तर बॅटरी, स्टार्टर, ग्लो प्लग आणि संपीडन यांकडे पाहा. येथे गाडी कुठे चालते हे महत्त्वाचे. जानेवारीतील शिमल्यात ग्लो प्लग पहिला संशयित आहे. चेन्नईच्या उन्हात मात्र थेट इंजेक्शनचे धडधाकट इंजिन ग्लो प्लगशिवायही चालू होते, म्हणून तिथे ग्लो प्लग बदलणे बहुधा पैसे वाया घालवणे ठरते. लडाखसारख्या प्रदेशात तर डिझेलमधील मेण गोठून फिल्टरच तुंबतो. त्यासाठीच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल तिथे आणले.

बराच वेळ उभी राहिल्यावर त्रास होत असेल आणि एकदा चालू झाल्यावर दिवसभर काही तक्रार नसेल, तर डिझेलच्या लाइनने एअर घेतली असण्याची शक्यता मोठी. ज्या गाड्यांत टाकीत विद्युत पंप नसतो, त्यांत हे अधिक आढळते. ओढ असलेल्या बाजूची गळती फसवी असते : डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत शिरते आणि डिझेल हळूहळू टाकीकडे परतते. टाकी रिकामी असताना आणि गाडीचे नाक चढाकडे असताना त्रास वाढतो का, ते मालकाला विचारा. फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

गरम इंजिनावरचा त्रास सर्वांत जास्त चकवतो. महामार्गावरून आलेली गाडी वीस मिनिटे थांबली आणि मग उठत नाही. येथे दोन मुख्य संशयित आहेत. झिजलेल्या इंजेक्टरमधून काही डिझेल रिटर्न लाइनने परत जाते. गरम डिझेल पातळ असल्याने ही गळती वाढते, आणि सेल्फवर पंप सावकाश फिरत असल्याने दाब उभा राहत नाही. दुसरा संशयित क्रँकशाफ्ट सेन्सर. त्यातील सूक्ष्म तार तापल्यावर जोड सोडते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. लक्षण एकच, कारणे पूर्ण वेगळी. ती वेगळी करायला मोजमापच लागते.

दोष असताना मोजा

चालू झालेल्या गाडीवर केलेली तपासणी येथे फारशी उपयोगाची नाही. स्कॅनर जोडून सेल्फ मारतानाच्या तीन नोंदी घ्या : बॅटरीचा व्होल्टेज, इंजिनाचे फेरे, आणि रेलमधील अपेक्षित व प्रत्यक्ष दाब. स्टार्टर जोरात फिरतो पण स्कॅनरवर फेरे शून्य, तर सेन्सर किंवा त्याची वायर तपासा. फेरे २०० च्या वर आणि दाब ९० बारवर अडकलेला, तर डिझेलच्या बाजूला जा. फेरे १२० आणि व्होल्टेज ९ च्या खाली, तर आधी विजेची बाजू.

विजेच्या बाजूला अर्थिंगची केबल विसरू नका. गंजलेल्या जोडाचा रोध ०.००५ ओहम असला, तरी २०० अँपिअर प्रवाहाला तिथेच १ व्होल्ट गमवावा लागतो. एवढा लहान रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहम पट्टीवर कळत नाही. म्हणून बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन ब्लॉक यांमधील व्होल्टेज सेल्फ मारतानाच मोजायचा.

नवी बॅटरी बसवल्यावर त्रास थांबला म्हणजे बॅटरीच दोषी, असे समजू नका. वेगाने फिरणारा पंप गळके इंजेक्टर असूनही दाब कसाबसा गाठतो. काही महिन्यांनी बॅटरी थोडी मंदावली की तक्रार परत येते. बॅटरी बदलल्यावरही रेलचा दाब किती सेकंदांत उभा राहतो, ते पाहून ठेवा. गळतीचा संशय असल्यास प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी वेगळ्या बाटलीत सोडून सेल्फ मारा. एखादी बाटली इतरांपेक्षा बरीच जास्त भरली तर तोच इंजेक्टर काढायचा, चारही नाही.

जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांत एअर काढण्यासाठी इंजेक्टरचा नट सैल करत. कॉमन रेलमध्ये उच्चदाबाच्या नळीला सेल्फ मारताना किंवा इंजिन चालू असताना पाना लावू नका. तिथला फवारा कातडीत घुसतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण तातडीने शस्त्रक्रिया करावी लागू शकते. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रेही मारू नये, स्फोट होऊन पिस्टन तुटू शकतो. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्या.

स्वाध्याय

एका गाडीच्या सेल्फ मारतानाच्या नोंदी. सकाळी : शीतकाचे तापमान २४ अंश, फेरे २४०, व्होल्टेज १०.६, दाब एका सेकंदात २८० बार, गाडी चालू. दुपारी, प्रवासानंतर : तापमान ९० अंश, फेरे २३०, व्होल्टेज १०.५, अपेक्षित दाब २५० बार, प्रत्यक्ष ११० बार, गाडी चालू नाही. या नोंदींवरून कोणते भाग संशयातून वगळता येतात, आणि पुढची तपासणी कोणती, ते कारणासह लिहा.