फ्रीझरच्या छोट्या कप्प्यात काय ठेवायचं? मटार, सोले, सीताफळाचा गर ठेवा. जे उन्हात वाळतं ते वाळवाच

धाड : हिवाळ्यात आठवडी बाजारात मटारचे ढीग लागतात, तुरीच्या शेंगा तर घरच्याच असतात. त्याआधी दिवाळीच्या आसपास सीताफळं इतकी पिकतात की खाऊन संपत नाहीत. दोन-तीन महिने गेले की मटार महाग होतो, सोले आणि सीताफळ बाजारात दिसतही नाहीत. आता गावात बऱ्याच घरी फ्रीज आहे, त्यामुळे "हे सगळं फ्रीजमध्ये भरून ठेवलं तर?" असा प्रश्न घरोघरी निघतो.

ठेवता येतं, पण सगळं नाही. एक साधा नियम लक्षात ठेवा. जे वाळवून टिकतं त्याला फ्रीझरमध्ये जागा देऊ नका. जे वाळवलं की वाया जातं, त्यालाच ती जागा द्या.

आधी कप्पा ओळखा

गावात जास्त करून एका दाराचे १८०-१९० लिटरचे फ्रीज आहेत. त्यातला वरचा बर्फाचा कप्पा साधारण १४ ते १८ लिटरचा असतो. बर्फाचा ट्रे, दुधाची पिशवी ठेवली की हाती उरते चार-पाच किलो मालाची जागा.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. गोठवलेला माल आठ-दहा महिने चांगला राहण्यासाठी उणे १८ अंश तापमान लागतं. एका दाराच्या फ्रीजमध्ये ते नेहमी मिळत नाही. घरच्या घरी ओळखायचं असेल तर कप्प्यात आईस्क्रीम ठेवून बघा. दुसऱ्या दिवशी दगडासारखं टणक असेल तर कप्पा चांगला. चमचा सहज घुसत असेल तर माल महिनाभरात संपवा. कप्पा चांगला असला तरी दारं सारखी उघडतात आणि लाइट जाते, म्हणून दोन-तीन महिन्यांचाच हिशेब धरा.

हे वाळवलेलंच बरं

आपला भाग मिरचीचा. लाल मिरची वाळवूनच ठेवतात, तिला फ्रीझरची गरज नाही. गवार, मेथी, कढीपत्ता, कैरीच्या फोडी, आवळा हे सगळं उन्हात किंवा सावलीत चांगलं वाळतं. लिंबू-कैरीचं लोणचं वर्षभर टिकतं. हे वाळवण डब्यात राहतं, लाइट गेली तरी काही बिघडत नाही आणि बिलही येत नाही.

ठेवण्यासारख्या भाज्या

मटार, सोले, हरभऱ्याचे ओले दाणे आणि मक्याचे कोवळे दाणे या चार वस्तू पहिल्या. वाळले की तेही टिकतात, पण मग ती डाळ-उसळीची वस्तू होते, ओल्या दाण्याची गोडी राहत नाही. सोले-वांग्याची भाजी मार्चनंतर खायची असेल तर फ्रीझरशिवाय पर्याय नाही.

फ्लॉवर, गाजर, भेंडी, शेवग्याच्या शेंगाही चालतात, पण जागा उरली तरच. पालक उकळून, पिळून त्याचे गोळे करून ठेवता येतात. वांगं कच्चं ठेवलं तर लगदा होतो, मात्र भाजून सोललेला भरताचा गर चांगला राहतो. हिरवी मिरची देठ काढून, धुऊन, पुसून तशीच ठेवली तरी चालते. ती मऊ पडते, पण ठेचा आणि फोडणीला काही फरक पडत नाही.

नुसतं पिशवीत भरून चालत नाही

बरेच जण मटार सोलतात आणि थेट पिशवीत भरतात. महिनाभरात दाणे पिवळट पडतात आणि वास गवतासारखा येतो. कारण दाण्यात विकरं असतात. थंडीत त्यांचं काम मंदावतं, थांबत नाही. ते थांबवायला उकळत्या पाण्याचा चटका लागतो. पद्धत अशी :

- अर्धा किलो दाण्यांना चार लिटर पाणी खळखळ उकळवा. पाणी कमी घेतलं तर दाणे टाकताच उकळी मोडते.
- मटार दीड मिनिट, सोले आणि हरभरा दोन मिनिटं, फ्लॉवरचे तुरे तीन मिनिटं, गाजराच्या फोडी दोन मिनिटं, भेंडी तीन ते चार मिनिटं, पालक दोन मिनिटं. मक्याचं कणीस अख्खंच चार मिनिटं उकळून मग दाणे काढा. वेळ पाण्याला पुन्हा उकळी आल्यावर मोजा.
- लगेच बर्फाच्या किंवा माठातल्या थंड पाण्यात टाका. जितका वेळ उकळलं, निदान तितका वेळ थंड होऊ द्या. नाहीतर आतल्या गरमीनं शिजत राहतं.
- स्वच्छ सुती कापडावर पसरून पाणी पूर्ण जिरू द्या. ओलं भरलं की त्याची ढेप होते.
- ताटात एकेरी थर पसरून दोन-तीन तास गोठवा, मग पिशवीत भरा. दाणे सुटे राहतात, हवे तेवढेच काढता येतात.
- पिशवी एका वेळच्या भाजीएवढीच करा, हवा दाबून काढा आणि वर तारीख लिहा. खाद्यपदार्थासाठीची जाड पिशवी किंवा डबा वापरा. वर्तमानपत्राचा कागद नको, त्याची शाई अन्नाला लागते.

कारखान्यातला मटार जास्त सुटसुटीत का असतो, तर तिथे तो फार थंड हवेत काही मिनिटांत गोठतो. झटपट गोठवण्याची ही रीत अमेरिकेत क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी १९२० च्या दशकात बसवली आणि १९३० मध्ये तिथल्या दुकानांत असा माल विकायला आला. माल लवकर गोठला की आत बर्फाचे कण बारीक राहतात, हळू गोठला की मोठे होतात आणि दाण्याची आतली घडण फोडतात. म्हणून घरी एकाच दिवशी पाच किलो कोंबू नका. रोज अर्धा-एक किलो करत चला.

फळांत पहिला मान सीताफळाला

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या बाजूला सीताफळाची झाडं बांधावर, माळावर भरपूर आहेत. हे फळ झाडावरून उतरवलं की चार-पाच दिवसांत पिकून मऊ होतं. वाळवता येत नाही आणि गर तापवला तर कडवट होतो. म्हणजे आटवून, शिजवून ठेवायची सोय नाही. गोठवणं हाच मार्ग, आणि म्हणूनच कप्प्यातली निम्मी जागा सीताफळाला दिली तरी वावगं नाही.

हात आणि भांडी स्वच्छ धुऊन पिकलेल्या फळाचा पांढरा गर काढा. सालीला चिकटलेला रवाळ थर खरवडू नका, त्यानं गर लवकर काळा पडतो. बिया हातानं किंवा चाळणीवर वेगळ्या करा. गर बियांसकट मिक्सरमध्ये फिरवू नका. सीताफळाची बी विषारी असते. गरात किलोला दोन-तीन चमचे लिंबाचा रस मिसळा, चवीला साखर घाला, छोट्या डब्यात काठोकाठ न भरता गोठवा. बासुंदीत घालताना ती पूर्ण थंड झाल्यावरच गर टाका.

आंब्याचा रस, जांभळाचा गर, डाळिंबाचे दाणेही चांगले राहतात. लिंबू पावसाळ्यात स्वस्त असतं तेव्हा रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि वड्या पिशवीत भरा. उन्हाळ्यात सरबताला उपयोगी पडतात. फार पिकलेली केळी सोलून ठेवली तर शेकसाठी चालतात.

हे ठेवूच नका

काकडी, मुळा, कलिंगड आणि कोशिंबिरीची पानकोबी वितळल्यावर पाणी-पाणी होतात. कच्चा बटाटा काळा पडतो. कांद्याचा वास सगळ्या कप्प्याला लागतो. टोमॅटो फक्त रश्श्यापुरता चालतो.

बाजारातलं पाकीट घ्यावं का?

हिशेब सोपा आहे. एक किलो शेंगा सोलल्या तर दाणे निम्म्याहून थोडे कमी निघतात. समजा शेंगा ३० रुपये किलो मिळाल्या, तर दाणे पडले साधारण ७० रुपये किलो. पाकिटाचा भाव याच्याशी लावून बघा. हंगामात घरचे दाणे परवडतात, उन्हाळ्यात कधीकधी पाकीटच स्वस्त पडतं. घेताना पाकीट हलवून बघा. दाणे सुटे वाजले तर माल बरा. आत ढेप झाली असेल तर तो कुठेतरी वितळून पुन्हा गोठला आहे, घेऊ नका.

पाकिटातले दाणे असोत की घरचे, शिजवूनच खा. थंडीनं जंतू मरत नाहीत, फक्त वाढायचे थांबतात. युरोपात २०१५ ते २०१८ या काळात गोठवलेल्या मक्याच्या दाण्यांतून लिस्टेरिया नावाचा जंतू पसरला, पाच देशांत ४७ जण आजारी पडले आणि ९ जण दगावले. गरोदर बाया, म्हातारी माणसं आणि लहान लेकरं यांची जास्त काळजी घ्या.

लाइट गेली तर

दार उघडू नका. मोठा डीप फ्रीझर गच्च भरलेला आणि बंद असेल तर माल दोन दिवस राहतो, अर्धा भरलेला असेल तर एक दिवस. आपल्या छोट्या कप्प्याला याच्यापेक्षा बराच कमी वेळ मिळतो. रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या थोड्या कमी भरून गोठवून ठेवा, थंडावा टिकतो. शेतवस्तीवर कृषी फिडरची आठ तासांची लाइट असेल तर साठवण करण्याच्या भानगडीत पडू नका.

गावाला जाताना एक वाटी पाणी गोठवा आणि त्यावर नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं बर्फाच्या वरच असेल तर माल ठीक. तळाला गेलं असेल तर मधे सगळं वितळलं होतं, तो माल टाकून द्या. लाइट आल्यावर दाण्यांवर बर्फ शिल्लक असेल तर पुन्हा गोठवता येतं, पण तो माल आधी संपवा. पूर्ण वितळून कोमट झालेलं पुन्हा गोठवू नका.

यंदा पहिल्यांदाच करत असाल तर एक किलो शेंगांपासून सुरुवात करा. महिन्यानं एक पिशवी काढून भाजी करा. दाणे हिरवे आणि चवीला गोड निघाले, तर आपल्या कप्प्यावर भरवसा ठेवून पुढचा माल भरा.