तेल आधी नाकाला विचारावं

रात्रीचे साडेदहा. सिंगापूरमधल्या आमच्या एचडीबी, म्हणजे सरकारी गृहनिर्माण इमारतीच्या अकराव्या मजल्यावर खिडकी उघडली की ओलसर, कोमट हवा आत येते. मी तोंड धुते, पंच्याने टिपते, पण पूर्ण कोरडं करत नाही. मग फ्रिजच्या दारातून, लोणच्याच्या बरणीशेजारून, गडद तपकिरी काचेची छोटी बाटली काढते. एक थेंब मनगटावर टाकते आणि आधी हुंगते.

थेंब पातळ, केशरी-तांबूस. त्याला गुलाबाचा वास मुळीच नाही. भिजलेल्या लाकडासारखा, किंचित मातकट वास आहे. गुलाबाचं अत्तर पाकळ्यांपासून काढतात, हे तेल बियांचं. रानगुलाबाच्या पाकळ्या गळाल्या की देठाशी बोरासारखं लाल फळ धरतं. तेच रोझहिप. चिलीच्या दक्षिण भागात ही झुडपं रानोमाळ वाढतात आणि या तेलाचा मोठा वाटा तिथून येतो. फळाच्या आत टणक बिया असतात. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. या बियांत साधारण ५ ते १५ टक्केच. एवढ्याशा बाटलीची किंमत इतकी का, याचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

आई सोलापूरहून आली होती तेव्हा तिने थेंब दोन बोटांत चोळून पाहिला आणि तिला जवसाचं तेल आठवलं. तिची बोटं चुकली नव्हती. रोझहिपच्या तेलात साधारण निम्मं लिनोलेइक आम्ल असतं आणि पाव ते एक तृतीयांश अल्फा-लिनोलेनिक आम्ल. पहिलं आपल्या करडईत भरपूर, दुसरं जवसात. म्हणजे सोलापूरच्या करडईचे आणि विदर्भातल्या जवसाचे गुण एका थेंबात आलेले. त्वचेचा सर्वांत वरचा थर पाणी धरून ठेवतो, त्या थरातली स्निग्ध द्रव्यं घडवायला लिनोलेइक आम्ल लागतं. मुरुमं असलेल्यांच्या त्वचेतून पाझरणाऱ्या तेलात हेच आम्ल कमी आढळलं आहे. चेहऱ्यासाठी हे तेल निवडण्यामागे हा विचार आहे.

पण जवसाचा दुसरा गुणही यात आहे. जवसाचं तेल हवा लागली की बदलतं; रंगारी ते रंगात घालतात ते हवेने सुकून त्याचा पापुद्रा धरतो म्हणून. खोबरेल महिनोन् महिने टिकतं, कारण त्यातली बहुतेक आम्लं संपृक्त, हवेला दाद न देणारी. रोझहिप तसं नाही. ऊन, उष्णता आणि हवा मिळाली की ते खवट होतं.

हे मी चेहऱ्यावर शिकले. पहिली बाटली मी न्हाणीघरात, गिझरशेजारच्या फळीवर ठेवली होती. इथे विषुववृत्त जेमतेम १३७ किलोमीटरवर. दिवसा तापमान ३१-३२ अंश, आर्द्रता वर्षभर सरासरी ८० टक्क्यांच्या वर. त्यात आंघोळीची वाफ. काही महिन्यांनी तेलाला जुन्या शेंगदाण्यासारखा वास यायला लागला. महागाची वस्तू फेकवेना, म्हणून मी लावतच राहिले. आठवडाभरात गालांवर बारीक लाल पुरळ उठलं. तेल बंद केलं, पुरळ गेलं. स्वयंपाकघरात खवट तेल फोडणीला घेतलं नसतं, ते चेहऱ्याला मात्र चोळत होते.

इतक्या दमट शहरात चेहऱ्याला तेल लागतंच कशाला, असं आईने विचारलं होतं. उत्तर ऑफिसमध्ये आहे. दिवसाचे नऊ तास वातानुकूलित खोलीत, जाताना-येताना एमआरटी मेट्रोच्या गार डब्यात; संध्याकाळी गाल ओढल्यासारखे होतात. तेल त्वचेला पाणी देत नाही, असलेलं पाणी उडू देत नाही. म्हणूनच चेहरा ओलसर असतानाच ते लावायचं.

मी तीन थेंब घेते. तळहातांवर पसरवते, क्षणभर ऊब देते आणि चेहऱ्यावर दाबते: आधी गाल, मग कपाळ, शेवटी हनुवटी. चोळत नाही. या हवेत चौथा थेंब जास्त होतो. चेहरा चिकट होतो आणि उशीच्या अभ्र्यावर केशरी डाग उरतो. नाकाच्या बाजूंना, जिथे त्वचा आपणच तेल सोडते, तिथे हात नेत नाही. सकाळी तोंड धुऊन सनस्क्रीन लावते, कारण इथे स्वच्छ दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्याही वर जातो आणि हे तेल उन्हापासून वाचवत नाही.

या तेलाच्या नावावर खपणारे इतर दावेही तपासून घ्यावेत. रोझहिपच्या फळात क जीवनसत्त्व भरपूर असतं. दुसऱ्या महायुद्धात संत्री मिळेनाशी झाली तेव्हा ब्रिटनमध्ये त्याचं सरबत मुलांना देत. पण क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, ते बियांच्या तेलात उतरत नाही. जुने व्रण आणि सुरकुत्या पुसून टाकण्याइतकं बळ या तेलात असल्याचा भक्कम पुरावा नाही. माझ्या गालांचा ओढलेपणा गेला, त्वचा मऊ झाली. कपाळावरचा लहानपणीचा व्रण जागच्या जागी आहे.

तुम्ही घेणार असाल तर लहानात लहान बाटली घ्या, गडद काचेची. घटकांच्या यादीत ‘रोझा कॅनिना सीड ऑइल’ किंवा ‘रोझा रुबिजिनोसा सीड ऑइल’ एवढंच असावं. वेष्टणावरच्या उघड्या डबीच्या चित्रावर, उघडल्यानंतर वापरायचे किती महिने लिहिलेत ते पाहा आणि बाटलीवर उघडल्याची तारीख लिहून ठेवा. पहिले दोन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. फ्रिजमध्ये ठेवा. आणि ज्या रात्री वास बदलेल, त्या रात्री कितीही महाग असलं तरी ते तेल टाकून द्या.