‘क्वारंटाईन’ कोणाला, कशासाठी?

कोरोनाने घराघरांत पोहोचवलेला ‘क्वारंटाईन’ हा शब्द मूळचा बंदरावरचा. 1377 मध्ये रागुसा, म्हणजे आजच्या क्रोएशियातील दुब्रोव्हनिक बंदराने प्लेगच्या भागातून येणाऱ्यांना 30 दिवस शहराबाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे 30 चे 40 झाले. इटालियनमध्ये चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात. त्यावरून हा शब्द इंग्रजी दर्यावर्दींकडे आला. इंग्रजी कायद्यात त्याचा आणखी एक अर्थ होता: नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या घरात 40 दिवस राहण्याचा विधवेचा हक्क!

जहाजावर पिवळा झेंडा दिसला की पूर्वी लोक दूर राहत. आजच्या आंतरराष्ट्रीय संकेतात मात्र तोच झेंडा सांगतो, ‘जहाजावर सारे निरोगी आहेत, बंदरात येऊ द्या.’

चाळीस या आकड्यामागे वैद्यकशास्त्र नव्हते. आता मुदत ठरते ती जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळावर. पटकीत हा काळ फार तर 5 दिवसांचा. कोरोनाच्या सुरुवातीला 14 दिवस ठरले ते याच हिशेबाने. आणखी एक फरक आपल्याकडे सर्रास विसरला जातो. क्वारंटाईन असते रोग्याच्या संपर्कात आलेल्या, पण अजून धडधाकट असलेल्या माणसासाठी. आजारी माणसाला वेगळे ठेवणे म्हणजे आयसोलेशन. मराठीत दोन्हींना आपण ‘विलगीकरण’च म्हणत राहिलो.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शेगावाला बंदरावरच्या या शब्दाचे काय? मुंबईत 1896 मध्ये प्लेग आला, तो रेल्वेनेही पसरला आणि स्टेशनांवर उतारूंची तपासणी सुरू झाली. बंदराची जागा स्टेशनाने घेतली. शेगावही मुंबई-नागपूर मार्गावरचेच. पण अलीकडचे उदाहरण अधिक बोलके आहे.

डिसेंबर 2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस गळू लागले. डोके खाजायचे, केस हाताला येऊ लागायचे आणि काही दिवसांत टक्कल. आधी पाण्यावर संशय गेला, मग शाम्पूवर, बुरशीवर. तोवर भीती पुढे धावली होती. या गावांतल्या लोकांपासून चार हात दूर राहणे सुरू झाले, लग्नसंबंधांवरही त्याचे सावट पडले. कोणी आदेश काढला नव्हता, तरी अख्खी गावे क्वारंटाईन झाली.

तपासात रुग्णांच्या रक्तात सेलेनियम वाढलेले आढळले. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. सेलेनियम शरीराला अगदी थोडे लागते. जास्त झाले की केस आणि नखांवर परिणाम होतो. एप्रिल 2025 मध्ये यातल्याच काही गावांत नखे गळण्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा तर हे अधिकच जुळून आले.

सेलेनियम माणसाकडून माणसाला लागत नाही. त्याला जंतूसारखा शिरकावाचा काळही नसतो, त्यामुळे 14 दिवस मोजा की 40, हिशेबच लागू होत नाही. अडवून तपासायचे होते ते गव्हाचे पोते. शेजारच्या गावातला नवरदेव कितीही दूर ठेवला असता, तरी त्याने कोणाचा एक केसही वाचणार नव्हता.